चन्नम्माआक्कांची पहिली पसंती

मुरुमला बसस्टँडच्या मागच्या गल्लीत माझं झेरॉक्सचं दुकान आहे. झेरॉक्स, ऑनलाइन फॉर्म, मराठी-इंग्रजी टायपिंग. मार्च लागला की दुकानात आईबापांची रीघ लागते आणि एकच वाक्य मी दिवसातनं वीस वेळा टाइप करते. ‘आपली शाळा ही आमची पहिली पसंती असून आम्ही इतर कोणत्याही शाळेत अर्ज केलेला नाही.’ खाली पालकाची सही. वर फक्त शाळेचं नाव बदलायचं. आता इकडच्या सगळ्या खाजगी शाळा असलं पत्र मागतात. पत्र नसलं तर फॉर्मच घेत नाहीत.

खताचं दुकान असलेले शंभुलिंग गेल्या वर्षी पोरासाठी चार पत्रं घेऊन गेले. चार शाळा, एकच तारीख. म्हणाले, "वहिनी, नावं नीट बघून घाला बरं का. हिचं पत्र तिला गेलं तर चारी नवऱ्या हातच्या जायच्या." आणि खो-खो हसले. मीपण हसले. त्या हसण्याची मला आता शिसारी येते. कारण दुसऱ्याच दिवशी दुकानात चन्नम्माआक्का आल्या.

आक्का म्हणजे आमच्या गल्लीतल्या कडक भाकरीवाल्या. ज्वारीची भाकरी पापडासारखी पातळ थापायची, तव्यावर फडक्यानं दाबून दाबून भाजायची आणि मंद आचेवर पार कडक होऊ द्यायची. ती महिनाभर टिकते. पुण्याला, हैदराबादला लेकरं असलेली माणसं आक्कांकडनं पिशव्या भरभरून नेतात. त्यांचं माहेर सीमेच्या पलीकडं, आळंदजवळच्या खेड्यात. शाळा तिसरीपर्यंत, तीही कन्नड. सतराव्या वर्षी लग्न होऊन मुरुमला आल्या आणि मराठी शिकल्या ती सासूच्या बोलण्यातनं आणि बाजारातनं. मालक महांतप्पा अडतीत तोलार होते, धान्याची पोती तोलायचे. ते जाऊन अकरा वर्षं झाली. सकाळी आंघोळ करून गळ्यातलं लिंग तळहातावर घेऊन पूजा केल्याशिवाय आक्का पाण्याचा थेंब तोंडात घेत नाहीत. माझं माहेर सोनारीकडचं, आमचा देव काळभैरव, त्यांच्यातलं मला फारसं कळत नाही. पण पूजा करताना त्यांचा चेहरा मी बघितलाय. त्या वेळी त्यांना हाक मारू नये एवढं कळतं.

मला त्या तंगी म्हणतात. तंगी म्हणजे कन्नडमध्ये धाकटी बहीण.

आक्कांच्या एकुलत्या एक लेकीची, शुभांगीची, सोयरिक ठरली तेव्हाची गोष्ट गल्लीत अजून सांगतात. गौरीशंकरच्या घरच्यांबरोबर सुपारी फुटली आणि आठच दिवसांत सोलापूरचं स्थळ आलं. मुलगा बँकेत, स्वतःचं घर. नातेवाईक म्हणाले, अजून साखरपुडा कुठं झालाय, बदलून टाका. आक्का म्हणाल्या, "फुटलेली सुपारी सांधता येती का? येत असंल तर सांधून दावा, मग बदलते." लग्न गौरीशंकरशीच झालं. जावई स्वभावानं बरा, पण एका नोकरीवर कधी टिकला नाही. कुणी टोचून बोललं तर आक्का म्हणायच्या, "शब्द म्या दिलता. जावई चांगला निघंल म्हणून मला कुणी शब्द दिला न्हवता."

आता लेक-जावई दोघं पुण्यात कंपनीत आहेत. एका खोलीचं बिऱ्हाड, दोघांच्या पाळ्या वेगळ्या. म्हणून नात आरोही दुसरीपासून आक्कांजवळ. ती जिल्हा परिषदेच्या शाळेत चौथीला होती. भाकरीच्या परातीत उरलेल्या पिठावर बोटानं त्रिकोण काढत बसायची आणि पीठ सांडलं म्हणून बोलणी खायची. चौथीच्या गुरुजींनी आक्कांना शाळेत बोलावून सांगितलं, "आजी, या पोरीला गणिताला चांगला माणूस मिळाला पाहिजे. नाहीतर वाया जाईल." झालं. आक्कांच्या डोक्यात तेवढं एकच राहिलं.

आणि त्यांनी शाळा बघितली ती कशी, तेही सांगते. लोक पत्रकावरचे फोटो बघतात. आक्का भाकरीचं काम दोन दिवस बंद ठेवून शाळांच्या दारात जाऊन बसल्या. सुट्टी झाल्यावर पोरी कुठल्या तोंडानं बाहेर येतात ते बघितलं. टाकीतलं पाणी पिऊन बघितलं. मुलींच्या संडासाला आतनं कडी आहे का, ते आत जाऊन लावून बघितलं. उमरग्याच्या रस्त्याला जी मोठी शाळा आहे तिथं गणिताचा तास चालला होता, तर खिडकीखाली उभ्या राहिल्या.

"एका पोरीचं फळ्यावर चुकलं," त्या मला सांगत होत्या. "तर ती बाई हसली न्हाय, वराडली न्हाय. चूक पुसलीबी न्हाय. म्हणाली, ही चूक लई कामाचीय, आता समदी मिळून हुडकू कुठं झालीय. तंगी, तितंच घालायची आपली आरोही."

मी म्हणाले, "आक्का, तिथं तर घालूच. पण लोहाऱ्याकडच्या शाळेचंही एक पत्र करून ठेवते. सगळेच करतात. एक लागली नाही तर दुसरी."

"काय लिवलंय त्यात?"

मी वाचून दाखवलं.

"म्हंजी दोनी शाळंला म्हणायचं, तूच पयली?"

"तसं लिहावंच लागतं आक्का."

"मंग ते तुझ्याकडंच ऱ्हाऊ दे." त्यांनी माझ्याकडं असं बघितलं की मी कीबोर्डकडं बघायला लागले. "एकच कर. रस्त्यावरच्या शाळंचं."

एकच पत्र केलं. त्यांनी ते माझ्याकडनं दोनदा वाचून घेतलं आणि दोन्ही वेळा मान हलवली. "खरंय. समदं खरंय." मग खाली कन्नडमध्ये सही केली, अक्षर अक्षर लावून.

फॉर्म द्यायला मी त्यांच्याबरोबर गेले. आरोही नवीन फ्रॉक घालून पुढं पुढं. ऑफिसात खिडकीच्या आत रामलिंग बसला होता. तो आमच्याच गावचा, शाळेत क्लार्क आहे. त्यानं फॉर्म घेतला, पत्र टाचलं, शिक्का मारला. मला वाटलं काम झालं. तेवढ्यात आक्कांनी पिशवीतनं विड्याची पानं काढून खिडकीत ठेवली. वर सुपारी. आणि अडकित्ता.

रामलिंग बघतच राहिला. "आज्जी, हे काय?"

"शब्द दिला न्हवं आमी तुमाला? मंग फोडा सुपारी. मुलीकडचे आमी, तुमी फोडायची."

मागं रांगेत शंभुलिंग उभे होते. ते फिसकन हसले. "रामलिंग, फोड की! लगीनघर झालं आज हापिसाचं! आज्जी, अक्षता आणल्या का?"

"तुमच्या पोराच्या येळंला आणा," आक्का मागं न बघता म्हणाल्या. "तुमाला चार हापिसात पुरवाव्या लागतील."

रांग हसली. शंभुलिंगांचं तोंड उतरलं. रामलिंगनं हसत हसत सुपारी फोडली, एक खांड तोंडात टाकलं, उरलेलं आक्कांना दिलं. आक्कांनी गळ्यातल्या लिंगाला हात लावून तो हात कपाळाला लावला. त्यांच्या लेखी दोन्हीकडनं ठरलं. मला मात्र त्या क्षणी त्यांची लाज वाटली. चारचौघांत अडाण्यासारखं काय हे, असं वाटलं. हे मी लपवत नाही. आज लाज वाटते ती त्या लाजेची.

एप्रिल गेला. लोहाऱ्याच्या शाळेची गाडी भोंगा लावून गल्लीत आली, पत्रकं वाटली. आक्कांनी पत्रक हातात घेतलं, घडी करून पोराला परत दिलं. "आमचं ठरलंय, बाळा. दुसऱ्या कुणाच्यातरी कामाला येईल." मी दोनदा सांगून बघितलं, अजून फॉर्म सुरू आहेत म्हणून. त्या म्हणाल्या, "ठरलेल्या पोरीला दुसरीकडं दावाया न्हेत न्हाईत."

मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात शाळेचं यंत्र बिघडलं म्हणून रामलिंग यादी घेऊन माझ्या दुकानात आला. पाच प्रती हव्या होत्या. मी कागद यंत्रावर ठेवला आणि नको ते वाचलं. यादीचे तीन भाग होते. वर लिहिलं होतं, ‘डळमळीत’. त्याखाली तीस-पस्तीस नावं आणि प्रत्येकापुढं शेरा: ‘फोन करा’, ‘फीत सवलत द्या’, ‘घरी जाऊन भेटा’. शंभुलिंगांच्या पोराचं नाव सगळ्यात वर. दुसरा भाग, ‘गेलेले’. आणि तिसरा, ‘पक्के’. पक्क्यांत अकरा नावं, अकरावं आरोहीचं. शेरा: ‘दुसरीकडे जाणार नाहीत. शेवटी बघू.’

"रामलिंग, हे काय रे?"

"काय?" त्यानं मान वाकडी करून बघितलं. "ते होय. साधं आहे वहिनी. जे चार ठिकाणी फिरतात त्यांना आधी धरायचं, नाहीतर पळतात. जे आपलेच आहेत ते कुठं जातात?"

"पण पत्र तर सगळ्यांनी सारखंच दिलंय."

"पत्रावर कोण जातंय? आम्ही चौकशी करतो ना. कोण कुठं कुठं गेलंय, सगळं कळतं." मग आवाज जरा बारीक करून म्हणाला, "आणि आज्जीनं तर सुपारी फोडली. त्याच्याहून पक्कं काय असतं?"

"जागा किती राहिल्यात?"

"डळमळीतवाल्यांनीच भरत आल्यात." प्रती उचलल्या आणि गेला.

दुकानातल्या भैरवाच्या फोटोपुढं मी सकाळी लावलेली उदबत्ती अजून जळत होती. मला तिचा वासही नकोसा झाला. खोटं बोलणाऱ्याच्या दारात पेढे घेऊन जायचं आणि खरं बोलणारा आपलाच म्हणून त्याला बाहेर बसवायचं. आणि हा धंदा पोरांना शिकवणाऱ्यांचा. अडतीवरचा दलालसुद्धा बांधलेल्या गिऱ्हाइकाशी असं वागत नाही.

संध्याकाळी आक्कांना सांगितलं. त्या भाकरी थापत होत्या. त्यांचा हात थांबला नाही. भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, उलटली, फडक्यानं दाबली. मग म्हणाल्या, "तुझी वाचण्यात चूक झाली असंल."

"झाली नाही आक्का."

"मंग उद्या जाऊ. त्येंच्या तोंडनं ऐकते."

दुसऱ्या दिवशी आरोहीलाही घेऊन गेलो, तर शाळेच्या संस्थेचे अध्यक्ष आण्णासाहेब भेटले. माणूस इतका गोड की अंगावर काटा यावा. आक्कांना खुर्ची दिली, चहा मागवला, आरोहीच्या डोक्यावरनं हात फिरवला. "आज्जी, तुमच्यासारखे पालक म्हणजे शाळेचा पाया. पाया."

"पोरीला घेतलं का न्हाय ते सांगा."

"बघा, या वर्षी अर्ज फार आलेत. पुढच्या वर्षी सहावीला नक्की विचार करू."

"आमचा शब्द घेतला तवा पुढच्या वर्षाचं बोललं न्हवता तुमी."

"शब्द?" ते माझ्याकडं बघून हसले, मी शिकलेली म्हणून. "अहो आज्जी, ते पत्र सगळेच देतात. ती एक पद्धत आहे. त्याला काही अर्थ नसतो."

"अर्थ नसतो तर मागता कशाला?"

आण्णासाहेबांनी चहाचा घोट घेतला.

"तुमच्या माणसानं सुपारी खाल्लीया."

"रामलिंग दिवसाला दहा सुपाऱ्या खातो, आज्जी!" ते मोठ्यानं हसले. बाहेर रामलिंगही हसला असावा.

आक्का हसल्या नाहीत, चिडल्याही नाहीत. चहा तसाच होता, साय धरलेला. त्या उठल्या. "मंग माझं पत्र परत द्या."

"पत्र? ते फाइलला लागलंय."

"सोयरिक मोडली की ज्येचं त्येला परत करत्यात. लुगडं असू द्या न्हायतर नारळ. माझी सही हाय त्येच्यावर. ठेवून कुणाला दावणार तुमी? द्या."

आण्णासाहेबांना वाटलं म्हातारी लवकर टळेल, म्हणून त्यांनी रामलिंगला फाइल आणायला सांगितलं. त्यानं गठ्ठा टेबलावर टाकला. एकामागनं एक पत्रं उलटायला लागला. ‘आपली शाळा ही आमची पहिली पसंती’, ‘आपली शाळा ही आमची पहिली पसंती’. सगळी माझ्या दुकानातली. तीच अक्षरं, तीच समास सोडायची माझी सवय. आक्का एकेक बघत होत्या. त्यांना मराठी वाचता येत नव्हतं, पण एकसारखं आहे एवढं दिसत होतं. कन्नड सही आली तशी त्यांनी बोट ठेवलं. "ह्ये."

पत्र घेतलं, घडी करून कमरेच्या पिशवीत घातलं. दारात वळून म्हणाल्या, "आता आमी मोकळे. तुमीबी मोकळे." आणि बाहेर आल्यावर मला फक्त एवढंच म्हणाल्या, "तंगी, त्यातली किती तू लिवली हुतीस?"

मी म्हणाले, "सगळी."

त्यानंतर मुरुम येईपर्यंत त्या बोलल्या नाहीत.

मोकळ्या झाल्यावर मात्र त्यांनी एक दिवस फुकट घालवला नाही. दुसऱ्याच सकाळी आरोहीला घेऊन काळीपिवळी जीपनं लोहाऱ्याला. "तूबी चल," म्हणाल्या, "फारम कोण भरणार?" मी गेले. त्या माझ्याशी बोलल्या याचंच बरं वाटलं.

तिथल्या संचालिका शिवरंजनी मॅडम. तिशीतल्या, नीटनेटक्या, गळ्यात ओळखपत्र. फॉर्म बघून म्हणाल्या, "जागा तशी संपलीय, पण एक ठेवलीय आम्ही बाजूला. आज्जी, आमची शाळा तुमची पहिली पसंती आहे ना?"

"न्हाय," आक्का म्हणाल्या. "दुसरी. पयलीनं फसवलं."

मी डोळे मिटले. पण मॅडम खुर्चीतनं उठल्याच. "वा! आज्जी, वा! इतकं खरं कुणीच बोलत नाही हो! थांबा, थांबा." त्यांनी एका शिक्षकाला हाक मारली, तो मोबाइल घेऊन आला. "आज्जी, आपण छोटासा व्हिडिओ करूया. तुम्ही फक्त म्हणायचं, आम्ही सगळ्या शाळा बघितल्या, पण आता आमची पहिली पसंती हीच. साधं, घरगुती. लोकांना असं फार आवडतं. मग सीट आरोहीचीच."

आक्कांना खिडकीजवळ उभं केलं. डोक्यावरचा पदर सारखा करायला लावला. एका शिक्षिकेनं हातात शाळेची पाटी दिली. मोबाइल वर झाला.

"म्हणा आज्जी."

"पयली पसंती आमची रस्त्यावरची शाळा हुती," आक्का मोबाइलकडं बघून म्हणाल्या. "तितनं हाकललं. म्हणून हितं आलोय. पोरीला गणिताची बाई चांगली द्या."

"नाही नाही, आज्जी, पहिलं ते नको. फक्त शेवटचं."

परत केलं. आक्कांनी परत तेच सांगितलं. तिसऱ्यांदाही तेच, एक शब्द इकडं नाही, तिकडं नाही. मोबाइलवाला शिक्षक कंटाळून हात झटकायला लागला. मॅडमच्या चेहऱ्यावरचं हसू हळूहळू सुकलं. त्या घड्याळाकडं बघून म्हणाल्या, "ठीक आहे आज्जी, आम्ही कळवू."

कळवू म्हणजे काय ते मला कळलं. आरोहीलाही कळलं. दारातनं आत येताना तिनं काचेच्या खोलीतली दुर्बीण बघितली होती. ती आज्जीच्या पुढं आली आणि म्हणाली, "मॅडम, मी म्हणू?"

"म्हण की, बाळा!"

आणि पोरीनं पाटी छातीशी धरली, वेणी पुढं घेतली आणि एका दमात म्हणाली, "माझं नाव आरोही. मी आणि माझ्या आज्जीनं खूप शाळा बघितल्या. पण मला हीच शाळा सगळ्यात जास्त आवडली. हीच माझी पहिली पसंती!" शेवटी गोड हसली. टाळ्या वाजल्या. कुणी शिकवलं नव्हतं. की आम्ही सगळ्यांनीच शिकवलं होतं? दहा वर्षांची पोर, दोन महिने माझ्या दुकानात बाकड्यावर बसून आईबापांना पत्रं नेताना बघत होती.

प्रवेश तिथल्या तिथं झाला. मॅडमनी पेढा दिला. आक्कांनी तो हातात धरून ठेवला, जीपमध्ये बसल्यावर शेजारच्या बाईच्या लेकराला दिला. आरोही खिडकीतनं बाहेर बघत होती, आनंदानं पाय हलवत. आक्का तिच्याकडं बघत नव्हत्या.

व्हिडिओ दोन दिवसांत मुरुमभर फिरला. ज्याच्या त्याच्या मोबाइलवर आरोही. शंभुलिंग दुकानात येऊन म्हणाले, "आज्जी लई पोचलेली निघाली की! आम्ही उगं चार पत्रं करत बसलो." मी त्यांची झेरॉक्स काढून दिली.

आणि तिसऱ्या दिवशी रामलिंगचा फोन आला. आक्कांकडं साधा फोन आहे, त्यांनी तो माझ्या हातात दिला. "वहिनी, आण्णासाहेबांनी सांगितलंय, आरोहीची सीट करून टाका. फीत सवलत पण आहे. व्हिडिओ बघितला त्यांनी. अशी हुशार पोर लोहाऱ्याला जाते म्हणजे काय! उद्या या, शिक्का मारून देतो."

कळलं मला. पोर आता डळमळीतमध्ये गेली होती.

मी फोन बंद करून सांगितलं. आरोहीनं चटणीची वाटी तशीच खाली ठेवली. "आज्जी! तीच शाळा! तुझी गणिताची बाई आहे तिथली! आणि माझी मैत्रीण पण तिथंच. आणि जवळ आहे. दहा मिनिटांत बस!" तिनं आज्जीचा हात धरून ओढला. "उद्या जायचं ना? जायचं ना?"

मीही म्हणाले, "आक्का, झालं गेलं सोडा. तुम्हाला हवी होती तीच शाळा आहे. अजून दुसरीकडं पैसे भरलेले नाहीत. फक्त ‘नको’ म्हणून कळवायचं."

"न्हाय," आक्का म्हणाल्या.

"का पण?" आरोही.

"तू शब्द दिलाय. मोबाइलवर समद्या जगाला सांगितलंस, हीच माझी पयली."

"मी खोटं बोलले होते आज्जी!" पोर एकदम रडायलाच लागली. "जागा मिळत नव्हती म्हणून बोलले. खोटं होतं ते!"

"म्हाईत हाय," आक्का म्हणाल्या. आवाज चढला नाही. "आता खरं कर."

मी समजावलं. लहान आहे, पोरीचं नुकसान करताय, त्या लबाडांपायी पोरीला शिक्षा कशाला, सगळं बोलले. शेवटी रागानं म्हणाले, "सुपारीसुद्धा फोडली नव्हती तिनं!" आक्कांनी माझ्याकडं बघितलं. त्या नजरेत राग नव्हता, थकवा होता. "त्येंनी शब्दाची माती केली, तंगी. म्या पोरीला तीच माती खाऊ घालू का?"

शुभांगीनं पुण्यातनं फोन करून आईला वाटेल ते ऐकवलं. आक्कांनी ऐकून घेतलं. शाळा बदलली नाही.

आता आरोही सकाळी साडेसहाच्या जीपनं लोहाऱ्याला जाते. पहिले दोन महिने आक्का रोज तिच्याबरोबर जायच्या, शाळेच्या दारात सोडून परत यायच्या, मग भाकरीला बसायच्या. गिऱ्हाइकं खोळंबायची. काही सुटलीसुद्धा. लोहाऱ्याची गणिताची बाई कशी आहे, मी आरोहीला विचारलं. म्हणाली, "बरी आहे. चुकलं की पुसून टाकते." काचेच्या खोलीतल्या दुर्बिणीला कुलूप आहे, पाहुणे आले की उघडतात.

पोरगी घुम्यासारखी झालीय असं गल्लीतल्या बायका म्हणतात. म्हातारी हट्टी, असंही म्हणतात. मला आक्कांचं पटलं असं मी सांगणार नाही. पण त्या दोन शाळांच्या माणसांचं तोंड आठवलं की मला जेवण जात नाही. आक्कांचं आठवलं की तसं होत नाही. मी त्यांच्याशी भांडते, पण परत त्यांच्याच ओट्यावर जाऊन बसते.

काल आरोही दुकानात आली. शाळेच्या स्नेहसंमेलनात तिला बोलायला सांगितलंय. मॅडमनी भाषण लिहून दिलंय, टाइप करून हवं होतं. पहिलंच वाक्य, ‘माझी शाळा मला सगळ्यात जास्त आवडते’. मी टाइप करायला घेतलं, तर ती म्हणाली, "मावशी, ते वाक्य नका घालू."

"का ग? मॅडमनी लिहिलंय."

"घातलं की आवडून घ्यावं लागेल," ती म्हणाली. "आज्जी सोडत नाही."

मी ते वाक्य खोडलं. उरलेलं भाषण चार ओळींचं झालं. ती कागद घेऊन पळत गेली. तिला आज्जीला वाचून दाखवायचं होतं.